शेठची माणसं

बद्रीनाथ पिशवी भरत होता आणि त्याची बायको तुळजाबाई दारात उभी राहून बघत होती.

"कुठं चाललात?"

"ते सांगता येत न्हाई."

"कधी येणार?"

"तेबी सांगता येत न्हाई."

"मंग स्वेटर ठेवू का नको, ते तरी सांगता येतंय का?"

बद्रीनाथने विचार केला आणि स्वेटर ठेव म्हणाला. तो सहलीला चालला होता. ही सहल म्हणजे हवापालट नव्हे. त्या साली मंठ्याजवळच्या गवळणवाडीचा सरपंच ग्रामपंचायतीच्या सदस्यांमधूनच निवडायचा होता, आणि निवडीआधी आपले सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना जीपमध्ये घालून लांब कुठंतरी नेऊन ठेवायचं, फोन काढून घ्यायचे, पोटभर खाऊ घालायचं आणि निवडीच्या दिवशी थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरवायचं, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. माणसावर विश्वास असला तरी कुलूप लावलेलं बरं असतं.

सदस्य सात. बद्रीनाथ धरून तीन त्याच्याकडे, कल्याण धरून तीन कल्याणकडे. सातवी सरदारबी. तिला दोघांनीही गुपचूप सहलीचं निमंत्रण दिलं होतं. "मी आले तर बकऱ्या कोन हाकेल? त्यांनाबी न्या," असं तिने दोघांनाही सांगितलं. जीपमध्ये बकऱ्या मावणार नव्हत्या, म्हणून तिला निवडीच्या दिवशीच गाठायचं असं दोघांनी आपापलं ठरवलं.

बद्रीनाथ पंधरा वर्षं सरपंचपदाची वाट बघत होता. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माजी सरपंचांची नावं रंगवलेली होती आणि शेवटच्या नावाखाली हातभर जागा रिकामी होती. तिथून जाताना तो त्या जागेकडे बघायचा नाही, पण ती आहे हे त्याला ठाऊक असायचं. यंदा ती आपलीच, अशी त्याची खात्री होती, कारण यंदा त्याच्या पाठीशी भागवतशेठ होते.

भागवतशेठ जालन्याचे. त्यांचे कारखाने किती हे त्यांनाही कुणाला तरी विचारावं लागे. ते आले की आमदार उठून उभे राहत, आणि पडलेले आमदार तर आधीपासूनच उभे असत. गावात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. गावात यायचा तो त्यांचा मॅनेजर सोमेश्वर. त्याने बद्रीनाथच्या अंगावर एक निळं जाकीट चढवलं आणि कानात सांगितलं, "शेठनं खास तुमच्यासाठी धाडलंय. सहलीचा सगळा खर्चा आपला. तुमी फक्त सरपंच व्हा." बदल्यात शेठना सौर प्रकल्पासाठी गावच्या गायरानातला अर्धा तुकडा हवा होता. अर्धाच. बद्रीनाथ "बघू" म्हणाला होता, आणि आपल्याकडे बघू म्हणजे हो.

जीप निघाली. सोमेश्वर गुप्ततेच्या बाबतीत फार कडक. तो ड्रायव्हरलासुद्धा गावाचं नाव सांगत नसे. "शेठची माणसं हायेत, नेहमीच्या जागी सोड," एवढंच त्याने फोनवर सांगितलं आणि तो शेठच्या मागेमागे एका मोठ्या लग्नाला गेला.

नेहमीची जागा म्हणजे शेठचा शेतातला बंगला. फाटकावर चौकीदार निजामोद्दीनने विचारलं, "किसके आदमी?"

"शेठके," ड्रायव्हर म्हणाला आणि फाटक उघडलं. सदस्यांचे फोन एका डब्यात जमा झाले, डबा कुलपात गेला आणि सदस्य पलंगावर गेले.

तासाभराने दुसरी जीप आली. "किसके आदमी?" "शेठके." फाटक पुन्हा उघडलं. निजामोद्दीनला शंका यायचं काही कारण नव्हतं, खोटं कुणीच बोलत नव्हतं.

बद्रीनाथ झोप काढून जेवणाच्या खोलीत आला, तेव्हा समोर ताटात जिलेबी घेऊन कल्याण बसला होता. त्याच्या अंगात निळं जाकीट होतं. दोघं बराच वेळ एकमेकांच्या जाकिटाकडे बघत राहिले.

"तू इथं काय करून राह्यला?" बद्रीनाथने विचारलं.

"सहलीला आल्तो. तू माझे सदस्य फोडायला आला का?"

"तुझे सदस्य कशाला फोडू? ही माझ्या शेठची जागा हाये."

"तुझ्या शेठची? शेठ माझे हायेत. हे जाकीट खास माझ्यासाठी धाडलंय त्यांनी."

"हे काय मंग? हे मी बाजारातून आणलं का?"

आवाज ऐकून दोन्हीकडचे सदस्य गोळा झाले. ड्रायव्हरांनी सोमेश्वरला फोन लावला, पण तिकडे वरात दारात आली होती आणि बँडपुढे फोन कोण ऐकतो?

कल्याणने जिलेबी खाली ठेवली. "एक सांग बद्री. गायरानाचं तुला काय म्हणला सोमेश्वर?"

"अर्धंच पाहिजे म्हणला. ओढ्याच्या अंगाचं."

"मला म्हणला, टेकडीच्या अंगाचं अर्धं."

गणित सोपं होतं, पण ते कुणालाच करावंसं वाटत नव्हतं.

"आणखी एक म्हणला," बद्रीनाथ हळूच म्हणाला. "जमलंच न्हाई तर अडीच वर्षं तू, अडीच वर्षं कल्याण, असं मिटवून टाका म्हणला."

"मलाबी तेच म्हणला. म्हंजी पयल्या अडीच वर्षांत ओढ्याकडचं जाणार आन् दुसऱ्या अडीच वर्षांत टेकडीकडचं."

"मंग आपली गुरं कुठं चरतील?"

"तुझ्या न् माझ्या जाकिटावर."

सगळे फार चिडले. शेठला गावचा हिसका दाखवायचा, त्याच्या पैशाला हात लावायचा नाही, असं एकमताने ठरलं. तेवढ्यात जेवण वाढलं गेलं. जेवण शेठचंच असल्यामुळे तो विषय ताट पुसून होईपर्यंत थांबवण्यात आला.

जेवणानंतर बद्रीनाथ म्हणाला, "मी सांगतो. तुमी सगळे मला मत द्या. मी गायरान वाचवतो."

"मला द्या, मी वाचवतो," कल्याण म्हणाला.

दुपारभर दोघं गायरान वाचवत राहिले. दोघांपैकी एकही मागे हटेना. शेवटी कल्याणच कंटाळून म्हणाला, "बद्री, तू बघू म्हणलास. मीबी बघू म्हणलो. सोमेश्वरला तोंडावर न्हाई म्हणणारं गावात एकच माणूस हाये."

"कोण?"

"सरदारचाची. बकऱ्या सोडून ती जीपमध्येसुद्धा बसली न्हाई, गायरान कशी सोडंल?"

बद्रीनाथ व्हरांड्यात जाऊन एकटाच बसला. त्याला वाईट वाटलं, अगदी रडू यावं इतकं वाईट वाटलं. पंधरा वर्षं वाट बघून आता दुसऱ्याच्या नावाला सूचक म्हणून सही करायची. पण कल्याण सरपंच होण्यापेक्षा हे बरं, असं मनाशी म्हटल्यावर त्याला थोडा आराम पडला. तिकडे कल्याणही नेमकं हेच मनाशी म्हणत होता, आणि लोकशाहीत कधीकधी असंही एकमत होतं.

निवडीच्या सकाळी दोन्ही जीप एकामागोमाग ग्रामपंचायतीच्या दारात येऊन थांबल्या. मारामारी बघायला जमलेल्या गावाची निराशा झाली. सहाही जण उतरून सरदारबीकडे गेले.

"चाची, सरपंच व्हा," बद्रीनाथ म्हणाला.

"मला रे काय कळतंय त्यातलं?"

"शेठ गायरान मागतील. न्हाई म्हणायचं. बस, एवढंच."

"एवढंच? ते तर मी बिलकुल म्हणंल."

एकच अर्ज आला आणि सरदारबी बिनविरोध सरपंच झाली. गुलाल उधळून होत नाही तोच शेठची पांढरी गाडी आली. सोमेश्वर भलामोठा हार घेऊन उतरला. रागाचं चिन्हही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. बद्रीनाथ आणि कल्याण यांच्याकडे न बघता त्याने सरदारबीच्या गळ्यात हार घातला.

"चाची, शेठला लई आनंद झाला. पयल्यापासून त्यांचं मत तुमच्याच बाजूनं होतं."

दोन दिवस ज्यासाठी जीव आटवला ते एका हारात जातंय की काय, या भीतीने बद्रीनाथ सरदारबीच्या तोंडाकडे बघू लागला.

सरदारबीला मात्र खरंच बरं वाटलं होतं. "असं का? शेठचं मत मला पडलं? मंग ते गावात दिसले कसे न्हाईत?"

"न्हाई, म्हंजी इथं न्हाई. शेठचं नाव इथल्या मतदार यादीत न्हाई."

"मंग जालन्याच्या यादीत असंल."

सोमेश्वर घुटमळला. "तिथंबी न्हाई. शेठनं नाव कधी नोंदवलंच न्हाई. त्यांना तशी कधी गरज पडली न्हाई."

"अरेरे," सरदारबी कळवळून म्हणाली. "मी म्हणणार होते, गायरानाचं बोलायचं तर शेठला ग्रामसभेला आणा, आमच्यासारखा एक हात वर करू द्या. पण यादीत नाव न्हाई म्हणल्यावर हात कसा वर करतील? नुसतंच बसावं लागंल बिचाऱ्याला."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शेठची कीव केली होती, आणि ती परत कशी द्यायची हे सोमेश्वरला कुणी शिकवलं नव्हतं. मागून कुणीतरी मोठ्याने हसलं. लोकांनी वळून बघितलं तर तो बद्रीनाथ होता.