फियाटबाईंची घाटस्वारी

श्री. जी चाकास गती देते आणि वळणावर बुद्धी देते, त्या माउलीस आधी नमस्कार. शके एकोणीसशे सात, क्रोधन नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले, ते बाळगोपाळांस ठाऊक व्हावे म्हणोन लिहिले ऐसे.

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनात आणा की एक राज्य आहे, त्यास नाव नाही, आणि त्या राज्याची पट्टराणी म्हणजे पिस्ता रंगाची एक मोटार. मूळ वंश इटली देशीचा, आणि सर्व मुलूख तीस फियाटबाई म्हणे. पुढे दोन वाटोळे दिवे, आत बाकासारखी लांब बैठक, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेस. तीत आंब्याच्या पेट्या आल्या, नवऱ्यामुली सासरी गेल्या, आणि राज्याची नात कालिंदी जन्मली तेव्हा इस्पितळातून घरी आली तीही त्याच बैठकीवर. हे घरगुती रूप पाहोन कोणी फसू नये. बाईंच्या बहिणी विलायतेत बर्फाचे डोंगर चढोन रॅली जिंकोन आल्या होत्या, आणि खुद्द या बाईंनीही आबासाहेब सबनीस यांचे तरुणपणी रॅली गाजविली होती. आबासाहेब म्हणजे कालिंदीचे आजोबा. ते नातीस निजविताना अंगाई न म्हणता घाटाची वळणे म्हणत, "डावे, मग उजवे, मग पिंपळाखाली कोपर," आणि पोर कोपरापाशी झोपी जाई.

ऐसे सुखाने चालले असता आबासाहेबांचे धाकटे पुत्र उमाकांतराव यांनी नवी पांढरी मोटार आणिली आणि भर जेवणात विषय काढिला की, "आबा, ते डबडे भंगारात द्या. अंगणात जागा अडते." आबासाहेब घास ठेवोन बोलिले, "उद्या घाटात रॅली आहे. तू तुझी घेऊन ये. हरलो तर खुशाल दे." कालिंदीचे हातातील पुरी ताटात पडली आणि तिजला मग काही जेवण गेले नाही.

आता रॅली म्हणजे काय ते समजोन घ्या. ही शर्यत पळण्याची नव्हे. कोणत्या चौकीवर किती वाजता पोहोचावे ते कागदावर लिहिलेले असते, आणि उशीर जाहला तरी दंड, आणि आधी पोहोचले तरी दंड. म्हणोन एकाने हाकावे आणि दुसऱ्याने कागद आणि घड्याळ पाहोन हुकूम द्यावा. फियाटबाईंत हुकुमाचे आसनी कालिंदी बैसली, आणि नव्या मोटारीत कागद घेवोन काकीसाहेब बैसल्या.

निशाण पडले, आणि बाई खुर्र करोन निघाल्या, आणि घाट लागला, आणि कालिंदी ओरडे, "डावे! आता उजवे! आबा, दुसरा गिअर!" आणि बाई ऐशा वळत की जणू वाट त्यांसाठीच आखिली. पोरीचे अंगी आनंद मावेना. इतक्यात मागोन पों पों करीत उमाकांतराव आले आणि काचेतून हात काढोन "येतो आबा, वर चहा सांगून ठेवतो!" ऐसे म्हणोन पुढे गेले. मग काय विचारता! आबासाहेबांच्या मिशा थरारल्या, तरुणपण अंगात आले, पाय दाबिला, आणि बाईही गर्जो लागल्या. कालिंदीही "पकडा काकाला!" म्हणोन उड्या मारी, आणि उडी मारिता मारिता तिची नजर घड्याळावर गेली, तो बाई नेमल्या वेळेच्या फार पुढे धावत होत्या.

"आबा, हळू."

"थांब गं, आत्ता गाठतो त्याला!"

"आबा! वळणे सांगणाऱ्याचा शब्द म्हणजे हुकूम. कोणी शिकवलं मला?"

आबासाहेबांनी एकवार नातीकडे पाहिले, आणि "चुकलो, सरकार" ऐसे म्हणोन पाय उचलिला. मग बाई गजगतीने चालल्या. कांद्याचा टेम्पोसुद्धा पुढे गेला, आणि त्याचा क्लीनर ओरडला, "आजोबा, धक्का मारू का?" आबासाहेबांचे कान लाल जाहले, परंतु पाय हलला नाही.

घाटमाथ्याची चौकी आली तो घड्याळाचा काटा नेमका नेमल्या जागी, आणि पंचांनी टाळी वाजविली. शेजारी उमाकांतराव चहाचा पेला धरोन उभे, कारण फार आधी येवोन भला थोरला दंड पदरी पडला होता. काकीसाहेब म्हणाल्या, "घसा सुकला सांगून, हळू घ्या, हळू घ्या. पण ह्यांना बायकोचं ऐकू येतं कधी?" उमाकांतराव कान धरोन हसले आणि बोलिले, "आबा, अंगण तुमच्या राणीसाहेबांचं. मला मात्र पुढच्या खेपेला कागद वाचायला कालिंदी द्या." आबासाहेब बोलिले, "गाडी मिळायची नाही, आणि सरकारही मिळायचे नाहीत."

सारांश, बाईंचे तख्त अंगणी कायम राहिले, आणि वेगाहून हुकूम थोर, आणि हुकुमाहून तो मानणारा थोर, हे राज्यात सर्वांस कळोन आले.

मग आबासाहेब नातीची पाठ थोपटावयास मोटारीपाशी आले, तो कालिंदी हाकणाराचे आसनी सरकलेली, पाय खाली अधांतरी, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिने शेजारची रिकामी जागा थोपटिली आणि म्हणाली, "बसा आबा. आता तुम्ही वळणं सांगा."