सासूबाईंना लाल दिवा

गुरुवारी संध्याकाळी चप्पल घालता घालता चष्मेवाल्यांनी आत बघून नुसतं विचारलं, "आई, येता का?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं. चार दिवस राहायला आलेल्या सासूला घरी ठेवून जाताना जावयाने जेवढं विचारावं तेवढंच, आणि तेही 'नको, तुम्ही जा' हे उत्तर गृहीत धरून. पण त्यांची दुसरी चप्पल पायात जाईपर्यंत सासूबाई दार उघडून, पिशवी घेऊन जिन्यावर उभ्या होत्या.

"चला. दोन वर्षं ऐकतेय, जावई भाषणं करतात, भाषणं करतात. एकदा डोळ्यांनी बघू दे."

चष्मेवाले उंबऱ्यातच थबकले. कारण दोन वर्षांत त्यांनी एकही भाषण केलेलं नव्हतं.

चष्मेवाले म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे गृहस्थ. अर्ध्या मिलिमीटरची चूक न खपणारे. वक्तृत्व क्लबात ते गेले होते धीट व्हायला. पण त्यांचा काटेकोरपणा पहिल्याच दिवशी अध्यक्षीणबाईंच्या डोळ्यांत भरला आणि चष्मेवाल्यांपुढे एक स्टॉपवॉच आणि तीन दिव्यांची पेटी येऊन पडली. एक मिनिट झालं की हिरवा, दीडला पिवळा, दोनला लाल. लाल लागला की वक्त्याने गप्प बसायचं. चष्मेवाले जे त्या पेटीमागे बसले ते बसलेच.

घरी मात्र ते खोटं कधी बोलले नाहीत. "आज माझ्यामुळे क्लबातल्या वकीलसाहेबांना मध्येच खाली बसावं लागलं," असं सांगायचे, आणि ते शंभर टक्के खरं असायचं. त्यातून बायकोने जो अर्थ काढायचा तो काढला. दर गुरुवारी ते परतले की ती मिठाचं कोमट पाणी पुढे करायची. "घसा बसेल हो अशाने." आणि चष्मेवाले मुकाट्याने गुळण्या करायचे. (खोटं बोलले नाहीत, पण शंभर गुरुवार खोट्या गुळण्या केल्या, हे मान्य करायला हवं.)

वाटेत त्यांनी एक प्रयत्न करून पाहिला. "आई, फार कंटाळवाणं असतं हं तिथे."

"मग तुम्ही दोन वर्षं कशाला जाता?"

चष्मेवाल्यांनी चालण्याचा वेग वाढवला.

क्लब भरायचा वाचनालयाच्या वरच्या खोलीत. तीस घडीच्या खुर्च्या, एक डगमगतं टेबल आणि चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा. अध्यक्षीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. आपण सांगितलं की समोरच्याने तोंड उघडायचं, याची त्यांना सवय होती.

"या, या! आमच्या दिवेमास्तरांच्या सासूबाई ना?"

"कोण मास्तर?" सासूबाईंनी विचारलं. चष्मेवाले खोकले आणि पेटीमागे जाऊन बसले.

सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग बटणावरच्या अंगठ्याकडे, मग जावयाकडे.

"तुमचं भाषण कितवं?"

"माझं... बसूनच असतं, आई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. इतकं लांबलचक 'बरं' चष्मेवाल्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आता आई घरी गेल्यावर काय सांगणार, याचाच हिशेब ते करत होते, तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी डबा पुढे केला. "आज पाहुण्यांपासून सुरुवात करू. चिठ्ठी काढा, त्यावर जे असेल त्यावर दोन मिनिटं बोला."

सासूबाईंनी चिठ्ठी काढली. 'दार.'

चष्मेवाल्यांच्या अंगठ्याला घाम फुटला. दोन मिनिटं झाली की लाल दिवा लावायचा. कुणाला? सासूला! सासूला 'आता पुरे' म्हणणारा जावई अजून जन्माला यायचा होता.

"मी एकतीस वर्षं दार उघडलं," सासूबाई म्हणाल्या, "आणि बंद केलं. सहा मजली दुकानातल्या लिफ्टचं. एकदा लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली. वीज गेली. आत नऊ माणसं. एक बाई रडायला लागली, एक साहेब दारावर बुक्क्या मारायला लागले. मला तरी दुसरं काय येत होतं? मी रोजच्याच आवाजात म्हटलं, 'पहिला मजला. कपबशा, किटल्या, घड्याळं. कुणाला काय हवंय?'"

मागच्या रांगेतली माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली.

"कोणी बोलेना. मग ती रडणारी बाई म्हणाली, 'मला एक किटली.' म्हटलं, 'रंग?' म्हणाली, 'निळा.' 'दुसरा मजला. चादरी, पडदे, उशा.' तशी साहेबांच्या बुक्क्या थांबल्या. म्हणाले, 'उशी मऊ आहे ना पण?' म्हटलं, 'दाबून बघा.' अंधारात त्यांनी दाबून बघितली हो! दीड तास आम्ही खरेदी केली. एकाने तर किमतीवरून घासाघीस केली. शेवटी बाहेरच्यांनी दार उघडलं, उजेड आला, पण आतून कोणी हलेना. ती बाई म्हणाली, 'जरा थांबा की, सहावा मजला राहिलाय.'"

सासूबाई खाली बसल्या. अध्यक्षीणबाईंचं तोंड उघडं होतं आणि तपासायला कोणी नव्हतं. मग टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं थरथरली.

राहायला आलेल्या सासूबाई बेल वाजली की सगळ्यांच्या आधी दाराशी का पोचतात, हे चष्मेवाल्यांना लग्नानंतर एकोणीस वर्षांनी समजत होतं. या बाईला आपण आजवर 'चहा घेता का?' यापलीकडे काही विचारलेलं नाही, हेही समजत होतं.

"आजचा पहिल्या नंबरचा कप यांनाच!" मागून कोणीतरी ओरडलं.

"नियमात बसलं तर," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "दिवेमास्तर, वेळ किती?"

चष्मेवाल्यांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. शून्य. नुसती शून्यं. तिन्ही दिवे विझलेले. अंगठा बटणावर नव्हताच. तो कधीतरी हनुवटीखाली गेला होता.

ते उठून उभे राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"घड्याळ मी लावलंच नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं इथली भाषणं मी मोजली. ऐकलं एकच. हे."

टाळ्या पडल्या. त्यांच्यासाठी!

"नऊ सेकंद!" मनगटावरच्या घड्याळाकडे बघत वकीलसाहेब ओरडले. दोन वर्षांच्या लाल दिव्यांचं उट्टं त्यांनी काढलं, आणि पेटी उचलून आपल्या मांडीवर घेतली. वेळ नाही तर कप नाही. कप शेवटी गेला एका बँकेतल्या गृहस्थांना. ते छत्रीवर बोलले, एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद.

परतीच्या वाटेवर चष्मेवाले म्हणाले, "आई, तुमचा कप माझ्यामुळे गेला."

"कप काय, पहिल्या मजल्यावर ढिगाने मिळतात," सासूबाई म्हणाल्या.

यानंतर त्या घरी काही सांगणार नाहीत, असं चष्मेवाल्यांना उगाचच वाटून गेलं.

दार उघडून बायको मिठाच्या पाण्याचा ग्लास घेऊन उभीच होती. "किती वेळ बोललात आज?"

"नऊ सेकंद," सासूबाई म्हणाल्या. "पण टाळ्या पडल्या हो. पहिलंच भाषण म्हणजे चांगलंच."

"पहिलंच? मग दोन वर्षं तिथे करत काय होते?"

"दिवे लावत होते," सासूबाई अंगठ्याने बटण दाबून दाखवत म्हणाल्या, आणि हे त्यांनी अगदी सरळ अर्थाने सांगितलं.

चष्मेवाल्यांचा हात सवयीने ग्लासाकडे गेला होता. बायकोने तो ग्लास त्यांच्या नाकासमोरून नेऊन आईच्या हातात दिला.

"तू घे, आई. आणि अहो, तुमच्या अंगठ्याला बाम आणू का? दमला असेल."

"नको गं," गुळणी भरण्याआधी सासूबाई म्हणाल्या. "आज त्यांनी बटणसुद्धा दाबलेलं नाही."