पाठमोरे चाहते

माणसाला विजय आवडतो, हे मानवजातीने फार पूर्वी ठरवून टाकलेलं आहे. ठरवताना तिने सुसाट चाहते मंडळाचं मत मात्र घेतलेलं नव्हतं.

मंडळाची बैठक दर आठवड्याला चष्मेवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत भरे. एरवी तिथे डोळे तपासले जात. भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता आणि सभासद त्यातल्या सगळ्यात बारीक अक्षरांच्या पातळीवर बसत. चष्मेवाले हे मंडळाचे संस्थापक आणि अध्यक्ष. आणि सुसाट हा सायकल शर्यतींमधला सध्याचा सगळ्यात वेगवान गडी. या शर्यती बरेच दिवस चालत, रोज एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत. सुसाट दिवसभर आपल्या जोडीदारांच्या आडोशाने वारा चुकवत येई आणि शेवटचा सरळ पट्टा लागला की त्यांच्या मागून असा सुटे, की बाकीच्यांना फक्त त्याची पाठ दिसे. रस्ता सपाट असला की जिंकणार तोच. गेल्या मोसमात तोच, या मोसमातही तोच.

पहिल्या मोसमात त्यामुळे सभासदांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या मोसमातही यायचं, पण जांभयांमुळे.

"कालचा टप्पा पाहिलात का?" चष्मेवाल्यांनी एका बैठकीत मोठ्या उत्साहाने विचारलं.

"पाहायचं काय त्यात?" मेहुणे म्हणाले. हे चष्मेवाल्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ, मंडळाचे उपाध्यक्ष आणि पाणीपुरवठा कार्यालयातले हेडक्लार्क. "शेवटचा पट्टा लागला म्हणून मी चहा टाकायला उठलो. परत येतो तर हा हात वर करून उभा! चहाला उकळी फुटायच्या आत जिंकतो म्हणजे काय? प्रेक्षकांचा काही विचार?"

"अहो, पण त्याचा वेग बघा ना!"

"वेगाबद्दल मंडळाची तक्रार नाही, भावोजी. तक्रार निकालाबद्दल आहे."

"माझ्याकडे दाढ काढायला आलेला पेशंटसुद्धा याहून जास्त उत्कंठेने बसतो," दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या मंडळाच्या चिटणीस होत्या.

एवढा कंटाळा आला असेल तर मंडळ सोडावं, असं कुणालाही वाटेल. पण सोडून जाणार कुठे? बाकीच्या सायकलस्वारांची चाहते मंडळंच नव्हती, कारण ते जिंकत नव्हते.

तेव्हा सर्वानुमते ठराव झाला, की सुसाटने जिंकावे, परंतु जिंकेल असे वाटू देऊ नये. ठराव शर्यतीच्या आयोजकांकडे गेला. उत्तर आलं नाही. मग दुसरा ठराव गेला, की शेवटच्या पट्ट्यात सुसाटला पाण्याच्या भरलेल्या जादा बाटल्या बाळगणे सक्तीचे करावे. त्यालाही उत्तर आलं नाही.

"म्हणजे विषय विचाराधीन आहे," मेहुण्यांनी खुलासा केला. "आमच्या खात्यात काही नळ वर्षानुवर्षं विचाराधीन आहेत. लोक वाट बघतात. चिडत नाहीत."

अशातच बातमी आली, की यंदाचा एक टप्पा याच गावात, चष्मेवाल्यांच्या दुकानासमोरच्याच रस्त्यावर संपणार. शिवाय आयोजकांचा शिरस्ता असा, की जिथे टप्पा संपतो तिथल्या चाहते मंडळाच्या अध्यक्षाने विजेत्याला मंचावर पुष्पगुच्छ द्यायचा.

चष्मेवाल्यांना ठराव, उत्कंठा वगैरे कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांना तो माणूस आवडायचा. घोळक्यातून तो बाजूला सरकून सुटायचा, त्या क्षणी ते अजूनही खुर्चीतून उठून उभे राहायचे. हे सगळं त्यांनी आजवर फक्त पडद्यावर पाहिलं होतं. आयुष्यात एकदा ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मग त्या हातात फुलं द्यायची, एवढीच त्यांची इच्छा. दुकानातल्या आरशापुढे झटकणी हातात धरून ते गुच्छ देण्याचा सराव करू लागले.

"अहो, गिऱ्हाईक बघतंय," बायको म्हणाली.

पुढच्या बैठकीत मेहुण्यांनी तिसरा ठराव मांडला. शेवटच्या पट्ट्यात मंडळाच्या प्रत्येक सभासदाने रस्त्याकडे पाठ करून उभे राहावे. तोंड रस्त्याकडे असलेला सभासद आढळल्यास त्याचे सभासदत्व तात्काळ रद्द समजावे. समोरच्या दुकानांच्या काचांत शर्यत दिसण्याची शक्यता असल्याने सर्व काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवावे.

"पाठ केली तर तो दिसणार कसा?" चष्मेवाल्यांचा आवाज चिरकला.

"न दिसणं हाच निषेध आहे, भावोजी. त्याला कळलं पाहिजे, की आम्ही त्याला गृहीत धरत नाही."

"अहो, पण तो आपला माणूस आहे!"

"म्हणूनच पाठ. परक्याकडे कोण पाठ फिरवतं? परक्याकडे आपण मुळात बघतच नाही." मेहुण्यांनी चष्मा पुसला. "अध्यक्षांना जमत नसेल तर त्यांनी खुशाल पद सोडावं. गुच्छाची काळजी नको. उपाध्यक्ष असतात कशाला?"

चष्मेवाल्यांनी अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं. त्यांना वरची ओळही नीट दिसेना. "अनुमोदन," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे तो काडीला लावायचा आरसा आहे ना?"

सायकल चालवताना मागची रहदारी दिसावी म्हणून चष्म्याच्या काडीला चिमट्याने अडकवायचा नखाएवढा आरसा येतो. चष्मेवाल्यांनी हौसेने त्याचं एक खोकं मागवलं होतं आणि ते तसंच धूळ खात पडलं होतं, कारण सायकलप्रेमींच्या या मंडळात सायकल कुणाकडेच नव्हती.

"पण बाई, तुमच्याकडे तोंडात घालायचे आरसे ढिगाने असतील."

"त्यात दाढ दिसते. माणूस नाही दिसत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. "कुणाला सांगू नका."

त्यानंतर रांगच लागली. एकेक सभासद येई, दुकानात दुसरं कुणी नाही याची खात्री करून घेई आणि तोंडाला कुलूप लावायची शपथ घालून आरसा नेई. कुणाला मानेच्या दुखण्यासाठी तो हवा होता, कुणाला घरच्या मांजरावर नजर ठेवायला. मेहुणे आले ते थेट बहिणीकडे. "खात्याच्या कामासाठी पाहिजे. नळाच्या मागची गळती बघायला."

टप्प्याच्या दिवशी काचांना वर्तमानपत्रं चिकटवून झाल्यावर चष्मेवाल्यांनी खोकं उघडलं. आत चुरगळलेला कागद होता.

"एकही नाही?"

"शेवटचा आत्ता माझ्या भावाने नेला. त्याचा आधीचा खिशात मोडला म्हणे," बायको म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवायचा होता का? मला वाटलं, तुम्ही अध्यक्ष. तुम्ही थोडेच बघणार!"

रस्ता दुतर्फा फुलला होता. मंडळ पाठ करून उभं राहिलेलं पाहून बाकीचं गावही पाठ करून उभं राहिलं. एवढे लोक उभे आहेत म्हणजे काहीतरी कारण असणार. सगळं गाव बंद काचांवरच्या जुन्या बातम्या वाचत होतं. मंडळाच्या रांगेत मात्र प्रत्येकाच्या कानाशी काहीतरी बारीकसं लुकलुकत होतं आणि प्रत्येक जण शेजाऱ्याचं लुकलुकणं न दिसल्यासारखा सरळ उभा होता. चष्मेवाल्यांच्या एका बाजूला मेहुणे, दुसऱ्या बाजूला बाई.

आधी मोटारी गेल्या. मग लांबून, कापडाचा अख्खा तागा एका दमात टरकावत आणावा तसा आवाज आला. चष्मेवाल्यांच्या मानेवर वारा लागला. आता. आत्ता सुटला असेल. त्यांची मान आपोआप वळायला लागली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"अरेरेरे!" मेहुण्यांच्या तोंडून निघालं.

"काय झालं?"

"कुठे काय? ठसका लागला."

"बाई, कोण आलं पुढे?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला कसं कळणार? माझी पाठ होती ना!"

चष्मेवाल्यांनी पुढच्या चार-सहा जणांना विचारलं. सगळ्यांचीच पाठ होती. अख्ख्या रस्त्यावर कुणी हूं की चूं करेना. जे पाहिलं ते सांगायला प्रत्येकाच्या जिभेला खाज सुटली होती आणि सांगायची सोय कुणालाच नव्हती.

मंचावर गुच्छ घ्यायला आला तो भलताच पोरगेला सायकलस्वार. त्याचा स्वतःचाही अजून विश्वास बसलेला दिसत नव्हता. चष्मेवाल्यांनी फुलं त्याच्या हातात कोंबली आणि निवेदकाला विचारलं, "सुसाट?"

"दुसरा. टायरभराच्या फरकाने. काय चुरस झाली हो! अशी शर्यत वर्षानुवर्षं बघायला मिळत नाही."

संघाच्या बसमागे सुसाट घडीच्या खुर्चीत बसून बुटाचे बंद सोडत होता. पडद्यावर दिसायचा त्याहून बराच लहानखुरा. चष्मेवाले त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"माफ करा. मनाला लावून घेऊ नका. ते पाठीचं."

"कुणाच्या पाठीचं?"

"आमच्या. आम्ही सगळे तुमच्याकडे पाठ करून उभे होतो. निषेध म्हणून. म्हणजे, प्रेमानेच."

"कुठे?"

"इथेच! शेवटच्या पट्ट्यात. दोन्ही बाजूंना!"

"असं होय," सुसाट म्हणाला. त्याने दुसरा बूट ओढून काढला. "तिथे मान खाली असते हो. पुढच्याचं चाक दिसतं, बाकी काही नाही. गर्दी होती का?"

"पण एरवी टाळ्या तरी... शिट्ट्या..."

"कानात वारा असतो," तो अगदी सौम्यपणे म्हणाला.

संध्याकाळच्या बैठकीत मेहुण्यांनी अभिनंदनाचा ठराव वाचला. मंडळाच्या निषेधाचा सुसाटच्या मनावर खोल परिणाम होऊन त्याचा पराभव झाला, सबब हा निषेध कायमस्वरूपी करण्यात यावा.

"त्याला आपण दिसलोच नाही," चष्मेवाले म्हणाले. "मी विचारलं त्याला."

"ते इतिवृत्तात घेता येणार नाही, भावोजी. तो सभासद नाही."

ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात सुसाट जिंकला. तिथल्या सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे होती. त्याला तीही दिसली नाहीत.