चार रेकॉर्डवाला पाहुणा

आर्मेलबाईंनी तो परिचय पुन्हा वाचला आणि चष्मा पुसला. फ्रान्समधल्या केरमोरां गावच्या संगीत महोत्सवाला येणाऱ्या व्हिटलॉक नावाच्या इंग्रज कलावंताची ती माहिती त्यांना फ्रेंचमध्ये उतरवायची होती. आयुष्यभर त्यांनी शाळेत इंग्रजी वाक्प्रचार घोकून घेतले होते. शब्दाला शब्द चिकटवणाऱ्यांची त्यांना भारी चीड.

इथे तर एकेक वाक्य संशयास्पद. या माणसाच्या नावावर चार रेकॉर्ड होते, पोलिसांतलेच असणार. बरीच वर्षं त्याने 'दुसऱ्या व्हायोलिनवर' काढली होती. आणि फ्रेंच बोलीत व्हायोलिन म्हणजे पोलिसांची कोठडी, हे कुणीही सांगेल. येताना तो स्वतःचं धनुष्य आणणार होता. शेवटी म्हटलं होतं, केरमोरांत तो 'संगीताला सामोरा जाईल'. म्हणजे इंग्रजीत, केल्या कर्माची फळं भोगेल.

भाषांतर वाचून महोत्सवाचे अध्यक्ष तांगी यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"पण मादाम, हा वाजवतो काय?"

"त्याबद्दल अवाक्षर नाही," आर्मेलबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

पाहुण्याची सोय सोआझिग पाववालीकडे होती. तिने चांदीचे चमचे पिठाच्या पोत्यात खुपसले आणि पावाबरोबर ही बातमीही घरोघर पोचवली. धनुष्य आणतोय ते ठीक, पण बाण इथे विकत घेणार का, असं ती प्रत्येकाला विचारत होती.

व्हिटलॉक आला तो किडकिडीत, लाजरा, काखेत काळी पेटी. सोआझिगने ती घ्यायला हात पुढे केला, तर त्याने पेटी छातीशी धरली. ही मी कुणाच्या हाती देत नाही, असं तो म्हणतोय, हे आर्मेलबाईंनी भाषांतर करून सांगितलं. सोआझिग दोन पावलं मागे सरली.

संध्याकाळी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एरवी महोत्सवाच्या मैफलीला तिथे पाद्रीबुवांची बहीण आणि दोन-चार पेंगणारी मंडळी असायची. आज निवृत्त पोलीससुद्धा पहिल्या रांगेत बाह्या सावरून बसला होता. व्हिटलॉकने पेटी उघडली. सगळ्यांनी श्वास रोखला. आतून व्हायोलिन निघालं आणि मागोमाग त्याचा गज.

आर्मेलबाईंचे कान तापले. गज आणि धनुष्य, इंग्रजीत शब्द एकच! मग बाकीचंही उसवत गेलं. रेकॉर्ड म्हणजे तबकड्या. दुसरं व्हायोलिन म्हणजे वाद्यवृंदातलं दुसरं व्हायोलिन, बाकी काही नाही. तो मात्र असा वाजवत होता, की सोआझिगने ॲप्रनने डोळे टिपले.

टाळ्या संपायच्या आत आर्मेलबाई तांगींपाशी पोचल्या. "तांगी, माझं चुकलं. तो गुन्हेगार नाहीये. मी आत्ताच सगळ्यांना सांगते."

तांगींनी खच्चून भरलेल्या चर्चवरून एकवार नजर फिरवली आणि त्यांचा दंड हलकेच धरला.

"हळू बोला, मादाम. उद्याही त्याचाच कार्यक्रम आहे."