आशीर्वाद अडकला!

कार्यक्रम वेळेत कसा संपवायचा, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! आमचे प्राचार्य शार्शेनबेक आगाय, म्हणजे सर, यांना मी हे अगदी ठणकावून सांगितलं. तेव्हा माझ्या कडेवरचा माझा लेक एर्मेक त्यांच्या टोपीचा गोंडा ओढत होता.

झालं होतं असं, की ऐन थंडीत आमच्या नारिनच्या छोट्याशा कॉलेजचा बॉयलर फुटला आणि संस्कृती ऑनलाइन गेली. आगाय म्हणाले, "मीरगुल, कलामेळावा बिनबोभाट पार पाड, उन्हाळ्यापर्यंत घरून काम कर. बोभाटा झाला, तर पोराला पाळणाघरात घालायचं आणि इथं हजर व्हायचं!"

पाळणाघर! तिथं एका बाईमागे पलटणभर पोरं, आणि प्रत्येकाच्या नाकातून नारिन नदी वाहतेय. मी कंबर कसली.

मेळाव्याच्या दिवशी एर्मेकला झोपवून सासूबाईंना पहाऱ्यावर बसवलं. पडदा उजळला. निम्म्या चौकोनांत माणसांऐवजी त्यांच्या घरांची छतं! आगायांनी पाठीमागे डोंगरांचं चित्र लावलं होतं. खरे डोंगर खिडकीत होते, पण खिडकीला त्यांनी पाठ केली होती. शिक्षण खात्याचे साहेब धावत्या गाडीतून संस्कृतीला हजेरी लावत होते. तीन गावांतल्या तीन मुलींनी एकच धून कोमुझच्या तारांवर वाजवली, पण नेट असं, की सूर मेंढ्यांसारखे एकामागून एक आले. साहेब म्हणाले, "वा! किती खोली आहे!"

आता उरला फक्त आशीर्वाद. आमच्याकडे जेवण असो की मेळावा, शेवट त्यानंच. सर्वांत वडीलधाऱ्या माणसानं हात पसरून तो द्यायचा, सगळ्यांनी "ओमीन" म्हणत तोंडावरून हात फिरवायचे, की उठायला मोकळे. त्याआधी उठणारा आमच्यात माणसांत मोडत नाही. निवृत्त कोमुझ-शिक्षक जुमाकादिर आजोबांनी हात पसरले. आम्हीही पसरले.

"लेकरांनो, तुमचा मार्ग..." एवढं बोलून आजोबा थांबले ते थांबलेच.

"शब्द शोधताहेत," आगाय कुजबुजले.

"आगाय, पापणी लवत नाहीये त्यांची! नेट अडकलंय."

"वडीलधाऱ्यांना नेट अडकलं म्हणतेस? गप्प बस!"

हात पसरलेलेच. खांदे भरून आले. माउसला हात लावायचा तरी कसा? दोन्ही तळवे आशीर्वादाला जुंपलेले!

"सोवेत्बेक, तुम्हीच द्या आता," आगाय हिशेबनीसांना म्हणाले. वयात त्यांचाच दुसरा नंबर.

"मी? त्यांच्या हयातीत? लाज वाटेल मला!"

'हयातीत' हा शब्द ऐकला मात्र, ग्रंथपाल साबीरा एजेंनी, म्हणजे ताईंनी, हंबरडा फोडला. "गेले हो! हात पसरल्या पसरल्या गेले!"

"अगं बाई! आता मयतीच्या जेवणाला घोडा कुणाचा कापायचा?"

"गेल्या मयतीला आमचा कापला होता!"

"म्हातारा घोडा होता तो! अजून दातांत अडकलाय!"

"शोकसंदेशात माझं नाव वर घाला," गाडीतून साहेब.

बिनबोभाट! माझ्या डोळ्यांपुढे त्या नाकाच्या नद्या वाहू लागल्या.

एवढ्या कोलाहलात एर्मेक जागा न होता तरच नवल! सासूबाईंना गुंगारा देऊन तो रांगत आला नि माझ्या मांडीवर चढला. समोर पडदाभर पसरलेले हात! त्यानंही तळवे पसरले, गोबऱ्या तोंडावरून खाली ओढले आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "ओमी!"

सवयीपुढे कुणाचं चालतं? सगळ्यांचे हात आपोआप तोंडावरून फिरले. "ओमीन!" आणि पटापट चौकोन विझले. पाव मिनिटात मैदान साफ!

तेवढ्यात आजोबा हलले. "...मार्ग मोकळा होवो! अरे, गेले कुठे सगळे?"

आगाय हसून हसून लाल झाले. "आजोबा, मीरगुलच्या पोरानं उरकला आशीर्वाद!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शाब्बास! काय समंजस पोर आहे गं! चार माणसांत कसं वागावं, याला आत्ताच कळतं. याला घरात कोंडणं पाप आहे. पाळणाघराच्या बाईंना मी आजच सांगतो!"

"पण आगाय, तुम्ही तर..."

त्यांचाही चौकोन विझला.

पहिल्या दिवशी एर्मेकला सोडताना मी दाराशी डोळे पुसत उभी होते. पोरगा मात्र वळूनही बघेना. आत पलटण जेवायला बसली होती. बाई गरम सूप वाढणार, एवढ्यात आमच्या चिरंजीवांनी हात पसरले आणि म्हणाले, "ओमी!"

पोरांनी तोंडावरून हात फिरवले आणि न जेवताच सगळी उठली!

बाईंनी "हे कुणाचं?" म्हणून दाराकडे पाहिलं. तोवर मी रस्त्यावर पोचले होते.