वरून काढावं की खालून

"पाणी कुठे जातं? खाली. मग ऑइल काय वर जाणार आहे? गाडीखाली शिरायचं, नट काढायचा, भांडं लावायचं. जेवायच्या आत गाडी सुरू करून दाखवतो," असं म्हणत जावयाने बाह्या सरसावल्या. पाणीपुरवठा खात्यात अर्धं आयुष्य घालवलेला माणूस तो. गावभरच्या टाक्या उपसणाऱ्याला एका जुन्या गाडीचं इंजिन ऑइल बदलणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असा त्याचा ठाम समज होता.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "बघा बापडे. दुपारी भंगारवाला येतोय, तेवढं लक्षात असू द्या."

गोष्ट अशी होती. गाडी सासऱ्यांची. सासरे गेल्यापासून मागच्या शेडमध्ये उभी. शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं, की जो कोणी हिचं ऑइल बदलून ही सुरू करेल, त्याला किल्ली. नाही झाली, तर भंगारात. जावयाची बायको याच गाडीवर, बापाच्या शेजारी बसून गाडी शिकलेली. फर्मान ऐकल्यावर ती उशीत तोंड खुपसून रडली. तिचं रडणं जावयाला बघवेना. दुसरंही एक कारण होतं, ते जरा आतलं. सासऱ्यांनी जिवंतपणी त्याला या गाडीला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. पाना हातात घेतला रे घेतला, की सासरे चहाचा घोट घेत म्हणायचे, "तुम्ही बसा, जावईबापू. हात काळे होतील." सगळ्या पाहुण्यांसमोर. आणि हा बसायचा.

मेहुणा दातांचा डॉक्टर. त्यालाही गाडी हवी होती, पण त्याने फोनवर सांगितलं होतं, की आज दिवसभर पेशंट आहेत. जावयानेही त्याला सांगितलं होतं, की आज मला ड्यूटी आहे. दोघंही धडधडीत खोटं बोलले होते, पण तो भाग पुढे येईल.

शेडला दोन तोंडं. एक स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून, दुसरं म्हणजे मागच्या गल्लीत उघडणारं शटर. आत भर दिवसाही अंधारगुडूप. खिळ्याला सासऱ्यांची टोपी, त्याखाली त्यांचं स्टूल, स्टुलावर कान तुटलेला कप. कपाच्या तळाशी चहाचं वाळलेलं वर्तुळ होतं. गाडीवरची चादर जावयाने ओढली, तेव्हा ती पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी जरा अडली आणि मग सुटली. आरशात अडकली असेल, असं तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला.

खाली शिरून त्याने नट काढला. काळंकुट्ट ऑइल घमेल्यात उतरलं, घमेलं जवळजवळ भरलं. मग थेंब पडू लागले. टप. टप. खात्याचा नियम असा, की शेवटचा थेंब उतरेपर्यंत नट लावायचा नाही. त्याने घमेलं अंगणात नेऊन ठेवलं, उरलेल्या थेंबांसाठी स्वच्छ परात लावली आणि चहा प्यायला आत गेला.

कप तोंडाला लावतो न लावतो, तोच शेडमधून आवाज आला.

सुर्रर्र. आणि त्यामागून एक लांब, समाधानी 'हाऽऽ'.

जावयाने कप खाली ठेवला. हा आवाज त्याने लग्नापासून सासरच्या प्रत्येक मुक्कामात ऐकला होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "बाबा चहा आवाज करून प्यायचे, नाही का?"

"प्यायचे. किती वेळा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ."

"आत्ता तुम्हाला काही ऐकू आलं?"

"मला काय काय ऐकू येतं, ते सांगायला बसले तर भाजी कधी व्हायची?" सासूबाईंनी आणखी एक देठ मोडला.

बऱ्याच वेळाने, जीव मुठीत धरून तो शेडमध्ये गेला. कुणी नव्हतं. वाकून बघतो तो परात काठोकाठ भरलेली. आणि त्यातलं ऑइल काळं नाही, तर मधासारखं सोनेरी, नितळ. त्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. इंजिनात मावतं तेवढं सगळं मघाशीच घमेल्यात उतरलं होतं. मग हे कुठून आलं? अंगावर सर्रकन काटा आला. त्याने घाईघाईने नट आवळला, परात कोपऱ्यात सरकवली आणि टोपीकडे पाठ न करता उभा राहिला.

"बाबा," तो पुटपुटला, "राग मानू नका. हिच्यासाठी करतोय."

टोपी काही बोलली नाही. त्याने आपल्या कॅनमधलं नवं ऑइल वरून ओतलं, ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. अगदी खुणेपर्यंत. जरा धीर आला. सासूबाई त्या अवतारात ताटावर बसू देईनात, म्हणून तो आंघोळीला गेला. अंगाला साबण लावला आणि पुन्हा आवाज सुरू झाला. सुर्रर्र, हाऽऽ. सुर्रर्र, हाऽऽ. या वेळी थांबेचना. कानावर दोन्ही हात ठेवून तो बादलीशेजारी बसून राहिला.

बाहेर आल्यावर बायकोचा हात धरून तो तिला शेडमध्ये घेऊन गेला. "तूच बघ. पट्टी ओढ."

तिने पट्टी ओढली. कोरडी ठणठणीत.

"ओतलं होतंस ना?"

"अगं, तुझी शपथ. पूर्ण कॅन ओतला. बाबा प्यायले."

"काय प्यायले?"

"ऑइल. त्यांना मी गाडीला हात लावलेला सहन होत नाही."

तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला, तिचा चेहरा पडला, आणि शटर खडखडत अर्धं वर उचललं गेलं. खालून एक पांढरी आकृती वाकत वाकत आत आली. तोंड झाकलेलं. हातातून एक लांब नळी लोंबत होती.

जावयाची बोबडी वळली. "बा, बा, बा," एवढंच तोंडातून बाहेर पडलं. आकृतीने त्याला अंधारात पाहिलं आणि तीही किंचाळून शटरवर आदळली. मास्क खाली घसरला. मेहुणा.

"भाऊजी? तुम्ही तर ड्यूटीवर होता ना?"

"आणि तुझे पेशंट?"

मेहुणा कप बाजूला सारून मटकन स्टुलावर बसला. त्याचंही तोंडचं पाणी पळालेलं. "भाऊजी, गाडीत काहीतरी आहे. मी वरून पंपाने ओढायला गेलो, तर आत थेंब नाही. नवं ओतलं, तर सगळं गायब. आणखी आणायला दुकानात गेलो, परत येऊन बघतो तो आपोआप भरलेलं. घाबरून पुन्हा सगळं कॅनमध्ये ओढून काढलं आणि गल्लीत जाऊन बसलो. आता फक्त पंपाची पिशवी न्यायला आलोय."

"वरून कशाला ओढतोस? ऑइल खालून काढतात."

"तोंड वर असताना तळाला भोक कशाला पाडायचं?"

"पाडायचं नसतं, असतंच ते. नट उघडाच होता, शहाण्या. तू ओतलंस ते माझ्या परातीत पडलं. आणि ते सुर्रर्र, हाऽऽ म्हणजे तुझा पंप!"

दोघं भांडत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सकाळपासून सगळं ठाऊक होतं, पण दुसऱ्याला सांगू नका म्हणून दोघांनीही त्यांना शपथ घातली होती. "बास झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबांनी उभ्या जन्मात कधी ऑइल बदललं नाही. गॅरेजवाला मागच्या शटरने यायचा आणि गुपचूप करून जायचा. हे त्या टोपीने तोंड झाकून मागच्या सीटवर झोपायचे. म्हणून तर कुणाला हात लावू देत नसत."

जावई त्या टोपीकडे बघतच राहिला.

"फिल्टर कुणी बदलला?" बायकोने विचारलं.

दोघंही छताकडे पाहू लागले.

तिने पर्समधून नवा फिल्टर काढला. लहानपणी गॅरेजवाल्यासमोर चाळणी-फनेल धरून तिचे हात तयार झाले होते. बॅटरीही तिने कालच चार्ज करून आणून बसवली होती. तुला गाडी हवी आहे का, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. फिल्टर बसवून तिने मेहुण्याने काढलेलं ऑइल गाळून परत ओतलं, पट्टी पाहिली, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि गुरगुरायला लागली. भंगारवाला हात हलवून निघून गेला. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून पुन्हा रडली, पण हे रडणं बघवत होतं.

सासूबाई पुढे बसल्या, मेहुणा पंप मांडीवर घेऊन मागे. जावई दार उघडायला गेला, तर बायकोने आतून बापाचा आवाज काढला. "तुम्ही बसा, जावईबापू. हात काळे होतील." मग हसून म्हणाली, "फरशी पूस. आम्ही एक चक्कर मारून येतो. आईने तुझा चहा स्टुलावर ठेवलाय."

गाडी गेली. शटर पडलं. कोपऱ्यातली परात कुणाच्या तरी पायाने कलंडली होती; सोनेरी ऑइल फरशीभर पसरलं होतं. जावयाने फडकं घेतलं आणि वाकला. कसला भ्रम आणि कसलं काय, असं म्हणून तो स्वतःशी हसलाही.

त्याच्या पाठीमागे, स्टुलापाशी, आवाज आला.

सुर्रर्र. हाऽऽ.

पंप तर मेहुण्याच्या मांडीवर होता. जावयाने मागे वळून पाहिलं नाही. कप भरलेला आहे की रिकामा, हेही त्याला बघायचं नव्हतं.

"बसलो, बाबा," तो म्हणाला, आणि होता तिथेच, ऑइलमध्ये, मुकाट्याने बसला.