निळ्या सुटात पॅकी

टिन्सी कुरुविलाला एका गोष्टीची पक्की खात्री होती. मेलेल्या माणसाच्या बाबतीत तिच्या हातून चूक होणं शक्यच नव्हतं!

जिवंतांचं मात्र सांगता येत नव्हतं. रॉसकॉमनच्या त्या वृद्धाश्रमातले म्हातारे तिचं इंग्रजी ऐकून तीनतीनदा "काय म्हणालीस?" विचारायचे, आणि त्यांचं स्वतःचं इंग्रजी म्हणजे गालात उकडलेला बटाटा ठेवून बोलल्यासारखं! कोट्टायमच्या अतिदक्षता विभागात अकरा वर्षं काढलेली बाई, पण आयर्लंडमध्ये ती अजून नर्स नव्हतीच, नुसती उमेदवार. शुक्रवारी उमेदवारी संपायची होती. मेट्रन असुंप्ताने फॉर्मवर सही केली की नोंदणी, नोंदणी झाली की पक्की नोकरी, आणि मग नवरा आणि चार वर्षांची मुलगी इकडे. मुलगी हल्ली तिला "फोनमधली अम्मा" म्हणायला लागली होती. घरात दुसरी कुठली अम्मा असल्यासारखी!

बुधवारी सकाळी सात वाजता अकरा नंबरच्या खोलीतला पॅकी टायर्नी गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, बिनलग्नाचा, अबोल शेतकरी. गेलासुद्धा तसाच, कुणाला हाक न मारता. त्याच खोलीत राहणाऱ्या मॉसी गेराटीला चाकाच्या खुर्चीत बसवून बैठकीत नेलं, खिडकी उघडली, आणि मेट्रन दारात उभी राहून म्हणाली, "पॅकीचा पुतण्या तीन वाजता येतोय. त्याआधी पॅकीला त्याचा सूट घाल. डावीकडचं कपाट. आणि नीट हं, टिन्सी! हेही फॉर्मवर लिहायचंय मला."

"निश्चिंत राहा, मॅडम!"

आता मेट्रन होती दारात, आत तोंड करून. टिन्सी होती खिडकीपाशी, दाराकडे तोंड करून. कपाटांवरच्या नावाच्या पाट्या रंगाऱ्याने गेल्याच आठवड्यात काढून ठेवल्या होत्या. टिन्सीने आपल्या डाव्या हाताचं कपाट उघडलं.

आत निळा सूट! कोरा करकरीत, दुकानाच्या पिशवीतून नुकता निघालेला. "बिचारा!" तिचे डोळे भरून आले. "मरणासाठी नवा सूट घेऊन ठेवला होता!"

पण प्रेताला सूट घालणं म्हणजे उशीच्या खोळीत गादी कोंबणं! पाऊण तास झटापट चालली. शेवटी मदतीला आलेली डिम्फना कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, कुस्ती कसली खेळतेस? पाठीतून उभा काप की! सगळे तसंच करतात. झोपलेल्याची पाठ कोण बघतंय?" बोलण्यात अर्थ होता. ही डिम्फना वीस वर्षं म्हाताऱ्यांचं करत होती, आणि मेलेल्यांचंही. टिन्सीने कात्री चालवली. कॉलरपासून खालपर्यंत, मासा चिरावा तसा!

मग काय विचारता! टाय, पॉलिश केलेले बूट, भांग, बोटांत गुंडाळलेली जपमाळ. तीन वाजता आश्रमाच्या छोट्या चॅपलमध्ये उघड्या शवपेटीत पॅकी असा दिसत होता, की नवरदेवाने लाजावं!

"अगंबाई, काय देखणा दिसतोय!" पुतण्याची बायको नोरीन म्हणाली. "मी तर याला जन्मभर गोठ्यातल्या बुटांतच पाहिला."

सूट कुठून आला, हे कुणीच विचारलं नाही. पुतण्याला वाटलं आश्रमाने दिला, आश्रमाला वाटलं पुतण्याने. विचारायचं कुणी? सहा वर्षांत घरचं कुणी फिरकलंच नव्हतं. लोक रांगेने येत होते, हात मिळवत होते, "फार वाईट झालं" म्हणत होते, आणि जाताना टिन्सीची पाठ थोपटत होते. मेट्रननेसुद्धा लांबून मान डोलावली. टिन्सीला तर फॉर्मवरची सही दिसायलाच लागली!

तेवढ्यात डिम्फनाने मॉसीची खुर्ची पेटीपाशी आणली. म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिलं आणि मग टिन्सीला जवळ बोलावलं.

"पोरी, पॅकीचा सूट झकास आहे हं."

"हो ना!"

"माझाही अगदी असाच आहे. शनिवारी माझ्या नातीच्या लग्नासाठी घेतलेला."

टिन्सी सुटली ती थेट अकरा नंबरमध्ये! दुसरं कपाट उघडलं. आत तपकिरी सूट, कोपरांवर कसरीने खाल्लेला, डांबराच्या गोळ्यांचा आणि गवताचा वास मारणारा. मॉसी दोन वर्षांत एकदाही फाटकाबाहेर गेला नव्हता. शनिवारी जाणार होता. आणि त्याच्या सुटाला आता पाठच नव्हती!

धावत परतली, तर डिम्फनाने कानात दुसरा बॉम्ब टाकला. "अगं, भाषण! मॉसीने नातीसाठी भाषण लिहिलंय, तीन महिने घासून. कागद सुटाच्या खिशात ठेवलाय म्हणत होता!"

साडेचारला झाकण लागणार होतं. जपमाळेची प्रार्थना सुरू झाली होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले. सूट गेला तो गेला, निदान भाषण तरी! टिन्सी पुढे झाली, पेटीवर वाकली, पॅकीच्या छातीवर कपाळ टेकलं आणि हात कोटाच्या आत घातला. डावा खिसा, रिकामा! कुणाला संशय नको म्हणून तिने एक हुंदका दिला. उजवा खिसा लांब होता, म्हणून आणखी तीन दिले.

"बघा, बघा," नोरीन नवऱ्याला कोपर मारत म्हणाली. "परमुलखातली पोर, पण माया बघा! तुमच्या डोळ्यांत टिपूस तरी आहे का?" पुतण्याने घाईघाईने रुमाल काढला. मागच्या दोन बाकांवर मुसमुस सुरू झाली.

कागद सापडला! टिन्सी ताठ उभी राहिली, आणि तिच्याबरोबर पॅकीचा हातही वर उठला!

तिच्या छातीवर टाचलेल्या नर्सच्या घड्याळात त्याची जपमाळ अडकली होती.

"येशू, मेरी, जोसेफ!" पहिल्या बाकावरची म्हातारी किंचाळली. "उठला!" फादरच्या हातातलं पुस्तक पडलं. दोन धट्टेकट्टे शेतकरी दारापर्यंत पोचलेसुद्धा! टिन्सी हात खाली दाबतेय, हात पुन्हा वर येतोय. शेवटी नोरीनने तिला मागून मिठी मारली. "सोड गं बाई, सोड त्याला! जाऊ दे आता!"

माळ तुटली, मणी उधळले. टिन्सी बाहेर आली आणि कागद उघडला. त्यावर छापलं होतं: घरी धुऊ नये, कडक इस्त्री करू नये.

मेट्रनच्या खोलीत टिन्सीने सगळं सांगून टाकलं. मेट्रन ऐकत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फॉर्म पुढे ओढला आणि उमेदवारी सहा आठवडे वाढवली. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द लिहिले: डावं-उजवं.

"आणि मॉसीला तूच सांगायचं. आत्ता."

सहा आठवडे. मुलीचा पाचवा वाढदिवस चौथ्या आठवड्यात होता. टिन्सी अकरा नंबरमध्ये गेली तेव्हा मॉसी खिडकीपाशी बसला होता. पॅकीच्या पलंगावरची चादर काढून नेली होती.

"मॉसी, तुमचा सूट..."

"पॅकीच्या अंगावर गेला. पाहिलं की मी. डोळे अजून चालतात माझे."

"मी दुसरा आणून देते! उद्या माझी सुट्टी आहे. शनिवारच्या आत..."

"कशाला? सकाळीच मुलाचा फोन आला होता. हॉटेलला पायऱ्या आहेत म्हणे, खुर्ची चढवायची कुणी? सोमवारी केक आणून देतील." त्याने आपल्या पलंगाकडे बोट केलं. "भाषण उशीखाली आहे."

टिन्सी मटकन त्या उघड्या गादीवर बसली. "सकाळीच? मग मला सांगितलं का नाही? मी वेड्यासारखी धावत होते!"

"म्हणून तर नाही सांगितलं. माझ्या वस्तूसाठी कुणी धावतंय, हे किती वर्षांनी पाहत होतो."

तिने त्याच्या गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं.

"तू आहेस ना अजून?" त्याने विचारलं.

"आहे. सहा आठवडे."

"मग शनिवारी दुपारी ये इथे. भाषण वाचून दाखवतो. पण जरा रडायचं हं! पॅकीसाठी रडलीस तसं."

"अहो, मी रडत नव्हते! खिसे चाचपत होते!"

"ते मला माहीत आहे, पोरी," मॉसी म्हणाला. "पण नोरीनला सांगू नकोस. बाहेर सगळ्यांना सांगत सुटलीय ती, की आमच्या पॅकीसाठी कुणीतरी रडलं."